पिशवीवाले आजोबा

आजोबा खुर्चीत कधी पूर्ण बसलेच नाहीत. अंगात कोट, पायांत बूट, दोन्ही तळवे गुडघ्यांवर आणि टेकायचं ते खुर्चीच्या अगदी कडेला. आता उठतील असं वाटायचं, आणि ते खरंच उठायचे. खिडकीशी जायचे, रस्त्यावर कुठल्या गाडीचं दार वाजलं ते बघायचे, परत येऊन पुन्हा कडेलाच टेकायचे. आणि हे कुणाकडे पाहुणे म्हणून गेल्यावर नव्हे, स्वतःच्या घरात! "नीट टेकून बसा की हो," असं मी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "बसलेला माणूस लवकर सापडतो, पोरी."

त्यांच्या दारामागे, खुंटीखाली, एक जुनी कापडी पिशवी कायम भरलेली असायची. तिच्यात लोकरी मोज्यांचे दोन जोड, साबणाची वडी, लाकडी चमचा, सुईदोरा आणि भाजून खडखडीत केलेले पावाचे तुकडे. दर शनिवारी जुने तुकडे डोनाऊ नदीतल्या बदकांना घालायचे आणि नवे भाजून पिशवीत भरायचे, हा नेम. माझी मुलगी इरा तेव्हा चार वर्षांची होती. तिनं एकदा जर्मनमध्ये विचारलं, "तुम्ही कुठे निघालाय?" ते म्हणाले, "मी कुठे निघालोय? पण न्यायला आले तर तयार असावं." इराला ते पटलं आणि तिनं त्यांना ताशन-ओपा करून टाकलं. त्याचंच आमच्या घरात मराठी झालं, पिशवीवाले आजोबा.

हे आजोबा रशियन ऑर्थोडॉक्स पंथाचे संन्यासी होते. ऐंशी ओलांडलेली, दाढी कोटाच्या दुसऱ्या बटणापर्यंत, आणि चाल अशी की मला मागून पळावं लागे. रेगेन्सबर्गमधल्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर एकटे राहायचे, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. वडील रशियन, आई जर्मन वंशाची. सोव्हिएत राज्य कोसळल्यावर आईच्या कागदांवर त्यांना जर्मनीत येता आलं. आईकडूनच जर्मन शिकलेले, त्यामुळे त्यांची भाषा जुन्या खेड्यातली. "माझी पणजी अशी बोलायची," असं आमचा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, म्हणायचा.

माझी गोष्ट सांगायची तर मीही काही स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हते. गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीत होते. नवरा निखिल फ्रँकफर्टला आयटीत, शनिवार-रविवारपुरता घरी. माझा करार सहा-सहा महिन्यांनी वाढायचा. वाढेल की नाही हे आदल्या महिन्यापर्यंत कळायचं नाही, त्यामुळे आमच्या बॅगा कधी तळघरात गेल्याच नाहीत, पलंगाशेजारी उभ्याच राहिल्या. अशा माणसाला एकच आधार असतो, याद्यांचा. सांगलीला आई म्हणायची, या पोरीला अंघोळीला जायलाही यादी लागते.

तर या यादीवालीच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून एक गोष्ट खुपत होती. आजोबांच्या क्लिंगलवर, म्हणजे खालच्या बेलवर, नाव नव्हतं. जर्मनीत बेलवर नाव नसलेला माणूस जवळजवळ नसल्यातच जमा. पोस्टमन पत्र परत नेतो, पार्सलवाला थांबत नाही. मी ऑफिसातून सुबक लेबल छापून आणलं आणि त्यांच्या बेलवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी ते गायब. पुन्हा लावलं, पुन्हा गायब. निखिल फोनवर म्हणाला, "अगं, तू त्यांचं ऑडिट करतेयस का? सोड ना." मी तिसऱ्यांदा लावलं. तेव्हा आजोबा दोन जिने चढून वर आले, लेबल माझ्या हातात ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "तुझा हेतू चांगला आहे. पण ज्यांना मी हवा असतो त्यांना मी नेहमीच सापडलोय. त्यांना मदत नको करूस." मला वाईट वाटलं आणि रागही आला. पण तेव्हापासून येता-जाता त्या रिकाम्या जागेकडे बघायची मला सवयच लागली.

आमची गट्टी जमली ती उपासावरून. बुधवार-शुक्रवार आजोबा दूध, तूप, अंडं काही खायचे नाहीत. मी म्हटलं, आमच्याकडेही उपास असतात, आणि शेंगदाण्याच्या तेलात परतलेली साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली. त्यांनी वाटी संपवली, मग गंभीरपणे विचारलं, "हा उपास?" त्यांना 'एकादशी अन् दुप्पट खाशी' याचा अर्थ समजावून सांगितला, तेव्हा ते पहिल्यांदा खळखळून हसले. त्यानंतर दर बुधवारी जिन्यात भेटले की विचारायचे, "आज दुप्पट का?"

पण सगळंच असं गोड झालं नाही. एका दिवाळीला आईनं पाठवलेल्या खपली गव्हाची मी खीर केली, गूळ, वेलची, खोबरं सगळं घालून, आणि वाटी खाली घेऊन गेले. आजोबांनी झाकण उचललं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. खुर्चीच्या कडेवरून उठून उभे राहिले. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. मला काही कळेना. मग उलगडा झाला. त्यांच्याकडे शिजवलेला गहू मधात कालवतात तो मेलेल्या माणसासाठी, त्याचं नाव घेऊन खातात. मी जीभ चावली. "आमच्याकडे हे आनंदाचं असतं हो, आजोबा." त्यांनी चमचा घेतला. "मग मी ज्यांच्यासाठी खातो त्यांनाही सांगतो, कुठेतरी हे आनंदाचं असतं." खाताना डावा हात कोटाच्या खिशात होता. खिशात काळ्या लोकरीची गाठी मारलेली माळ असायची आणि बोटं तिच्यावरून सारखी फिरत असायची.

मग गणपतीचं प्रकरण झालं. आमच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांसाठी एक मोठी खोली आहे, तिथे आम्ही गावातली बारा-तेरा मराठी कुटुंबं गणपती बसवायचो. व्हॉट्सअॅपवर सगळ्याच जणी 'मी काहीतरी गोड आणते' म्हणतात, हा अनुभव असल्यानं त्या वर्षी मी कागदाची यादी केली. आदल्या आठवड्यात आरतीच्या सरावाला सगळे जमले तेव्हा ती खोलीच्या दाराला लावली. नाव, पत्ता, फोन, मुलांची नावं आणि वयं, आणि समोर पदार्थ, सगळं रकान्यांत, मुलांनाही वाचता यावं म्हणून रोमन अक्षरांत. सगळ्यांनी आपापलं भरलं. दुसऱ्या दिवशी फोटो काढायला गेले तर दारावर फक्त चार टाचण्या.

जे व्हायचं ते झालं. गणपतीच्या दिवशी गुलाबजामचे नऊ डबे आले, श्रीखंडाचे तीन. पोळ्या कुणीच आणल्या नाहीत. मंडळाच्या संजीवनीताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "क्वालिटीवाल्या बाई, आता बटाट्याची भाजी गुलाबजामबरोबर खायची का?" शेवटी निखिल कोपऱ्यावरच्या बेकरीतून चाळीस ब्रोटशन घेऊन आला आणि बाप्पाला प्रथमच भाजीबरोबर जर्मन पावाचा नैवेद्य दाखवला गेला. सगळे हसत होते, माझा मात्र पापड मोडला होता. आजोबा दाराशी उभे राहून आरती ऐकत होते. आरती संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ती यादी मी काढली. जाळून टाकली."

मी त्यांच्यावर ओरडले. आज लिहितानाही शरम वाटते, पण ओरडले. "पोळ्या कोण आणणार एवढंच होतं हो त्यात!" ते म्हणाले, "त्यात इराचं नाव होतं. वय होतं. पत्ता होता. तू दारावर लावलंस." मग हातानं मला बाहेर चलण्याची खूण केली आणि अंगणात येरझाऱ्या घालत त्यांनी जे सांगितलं, ते तोपर्यंत त्यांनी या देशात कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

विसाव्या वर्षी ते मठात गेले होते. काही वर्षांनी सरकारनं मठ बंद करून तिथे ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं. आजोबा एका गावच्या इस्पितळात बॉयलरमध्ये कोळसा टाकायच्या कामाला लागले. दाढी गेली, झगा गेला, संन्यास मात्र गुपचूप चालू राहिला. गावातली माणसं कोळशाच्या खोलीशी यायची आणि नावं सांगून जायची. हा आजारी आहे, ही वारली, यांच्यासाठी प्रार्थना करा. प्रार्थनेत त्यांच्याकडे नुसतं पाळण्यातलं नाव घेतात, आडनाव नाही. नावं वाढत गेली. एकही विसरायला नको म्हणून आजोबांनी ती एका वहीत लिहून ठेवली.

"तेवढंच मी चुकलो," आजोबा म्हणाले. मठात ज्याच्याशेजारी बसून ते जेवले होते, त्यानंच वहीची बातमी पोलिसांना दिली. झडती झाली. आजोबांना पाच वर्षं उत्तरेकडे लाकूडतोडीच्या छावणीत धाडलं. "ती पाच वर्षं माझी होती, त्यांचं काही नाही. पण वहीतल्या एकेकाला त्यांनी शोधून काढलं. आडनाव नसताना. कुणाची नोकरी गेली, कुणाला गाव सोडावं लागलं. एक बाई शाळेत शिकवायची. आई देवधर्म करते म्हणून तिची मुलगी तिच्याकडून काढून घेतली, अनाथाश्रमात ठेवली. चार वर्षांची होती." ते थांबले, मग पुन्हा चालू लागले. "तेव्हापासून मी अक्षर लिहिलेलं नाही. सही लागली तर फुली मारतो."

खिशातली माळ त्यांनी त्या दिवशी मला दाखवली. शंभर गाठी, आणि प्रत्येक गाठीला एक माणूस. वहीतले सगळे, आणि छावणीत डोळ्यांदेखत गेलेले. रोज सकाळी पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत नावं घ्यायची. कागद नाही, म्हणून झडतीत सापडायचं काही नाही. वर जाऊन फ्रिजवरच्या माझ्या याद्या बघत नुसती उभी राहिले.

पुढच्या हिवाळ्यात आजोबांची अस्वस्थता वेगळीच झाली. सकाळी मी इराचा डबा भरत असताना ते दारात आले, डोक्यावर बर्फ तसंच. "एक्केचाळिसावी गाठ बोलत नाही," ते म्हणाले. ती त्या शिक्षिकेची गाठ होती. "उंच होती. नाक सरळ. बाहीवर खडूची पूड. आवाज आठवतो, नाव येत नाही." मग हे रोजचंच झालं. दगडी पुलावरून पलीकडे, पलीकडून अलीकडे, ओठ सारखे हलत असलेले. एका शनिवारी मी त्यांना पुलावर गाठलं आणि म्हटलं, "आजोबा, उरलेली तरी लिहून ठेवू या. उद्या बेचाळिसावी गेली तर?" ते वळून निघून गेले. आठवडाभर त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं नाही.

दार उघडायला लावलं ते माझ्याच एका यादीनं. इराला ताप आला होता म्हणून ते तिला बघायला वर आले आणि फ्रिजसमोर थबकले. "हे काय आहे?"

"वाणसामान. दूध, मीठ, कोथिंबीर."

"ही कुठली अक्षरं?"

"आमची. मराठी."

"इथे कुणाला वाचता येतात?"

"या इमारतीत? मला. निखिल आला की त्याला. इरालाही येत नाहीत."

"पोलिसांना?"

मला हसू आलं. "नाही आजोबा, पोलिसांना तर मुळीच नाही."

ते खाली निघून गेले. तीन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, पुन्हा आले. कोट काढून आमच्या खुंटीला लावला. कोटाशिवाय ते इतके बारीक असतील असं वाटलं नव्हतं. माळ टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "लिही. पण नुसतं लिहून ठेवायचं नाही. वर्षातून एकदा मोठ्यानं वाचायचं. लिहिलेलं आणि न वाचलेलं नाव म्हणजे पोलिसांची फाइल."

"मी ख्रिस्ती नाही, आजोबा. चालेल?"

"ऐकणारा तो आहे. वाचणारा कुणी का असेना."

दोन तास ते सांगत होते आणि मी एका कोऱ्या वहीत लिहीत होते. पेलागेया. निकोलाय. अन्ना. दुसरी अन्ना. तिसरी अन्ना. "या तिघी एका ओळीत लिहू का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्या एकमेकींना ओळखतही नव्हत्या." प्रत्येक नाव मला परत वाचून दाखवायला लावत होते. एक्केचाळिसाव्या ओळीवर आलो तेव्हा म्हणाले, "इथे जागा सोड." मी सोडली. नव्व्याण्णव नावं आणि एक मोकळी ओळ.

एप्रिलात माझं पत्र आलं, करार वाढणार नाही. फ्रँकफर्टला घर शोधायला सुरुवात झाली आणि मी आजोबांना ते सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत तीन आठवडे गेले. जिन्यात भेटले की मीच घाईत असल्याचं सोंग करायची. मेमधल्या एका शनिवारी-रविवारी इराला घेऊन मी फ्रँकफर्टला घरं बघायला गेले. रविवारी दुपारी परत आले तर हाउसमाइस्टर बेलच्या पाटीसमोर उभा होता.

"आल्झो," तो म्हणाला, "तळमजल्यावर ही कोण बाई राहायला आली? अनमेल्डुंग, पत्त्याची नोंदणी, केलीय का तिनं?"

आजोबांच्या रिकाम्या जागेत एक कागदाचा कपटा खोचलेला होता. निळ्या पेननं, वर रशियन अक्षरांत आणि खाली जर्मन अक्षरांत एकच शब्द लिहिलेला. रायसा.

हाउसमाइस्टरनं सांगितलं की सकाळी आजोबा जिन्यात पडले, त्यांना रुग्णवाहिकेतून नेलं. त्याच्याकडून किल्ली घेऊन मी त्यांचं दार उघडलं. पिशवी दारामागेच होती. पन्नास वर्षं ज्या प्रसंगासाठी ती भरून ठेवली होती, त्या प्रसंगी कुणी तिच्याकडे बघितलंही नव्हतं. मी ती उचलली, वरून वही घेतली, इराला संजीवनीताईंकडे सोडलं आणि इस्पितळात पोचले.

ते उशीला टेकून पडले होते. त्यांना टेकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "कागद मिळाला?" एवढंच विचारलं.

"मिळाला. पण दारावर कशाला लावलात तुम्ही?"

"पहाटे नाव आलं. दोनदा वर येऊन गेलो, तू नव्हतीस. दुपारपर्यंत पुन्हा गेलं असतं." मग म्हणाले, "बेलकडे तू रोज बघतेस. मला माहीत आहे."

मी एक्केचाळिसाव्या ओळीवर रायसा लिहिलं आणि पहिल्यापासून सगळी शंभर नावं मोठ्यानं वाचली. आजोबांचं बोट गाठीगाठीवरून सरकत होतं. रायसापाशी ते थांबलं, तशी मीही थांबले. मग त्यांनी मान हलवली आणि आम्ही पुढे गेलो. वाचून झाल्यावर मी पिशवी त्यांच्याजवळ ठेवली. "ती राहू दे," ते म्हणाले. "तिकडे मोजे देत असतील. तुकडे बदकांना घाल." आणि मग, "वही फ्रँकफर्टला नेशील ना? पोरी, भरलेल्या बॅगा मला कळतात." मी रडत होते आणि रडतारडताच होय म्हटलं.

बुधवारी, उपासाच्या दिवशी, ते गेले. त्यांच्या चर्चमध्ये मी खपली गव्हाची खीर करून नेली. तिथल्या तरुण पुरोहितानं वाटीत बघितलं आणि म्हणाला, "तुम्हाला आमची पद्धत कशी माहीत?" वहीबद्दल त्याला इस्पितळातल्या कुणीतरी सांगितलं होतं. नावं रशियनमध्ये उतरवून देता का, असं त्यानं फार प्रेमानं विचारलं. मी म्हटलं, वाचून दाखवते, उतरवून देणार नाही. मला तशी परवानगी नव्हती.

तेव्हापासून दर वर्षी मेमधल्या एका शनिवारी फ्रँकफर्टच्या घरात मी खीर करते आणि वही वाचते. पण जिवाला घोर लागला तो लागलाच. ज्या अक्षरांमुळे ती नावं सुरक्षित राहिली, त्याच अक्षरांत ती आता अडकली होती. मी आणि निखिल गेलो की ती कोण वाचणार? इरा मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. बाराखडीचं पुस्तक मी तीनदा तिच्यासमोर ठेवलं, तीनदा ते कपाटात गेलं.

गेल्या मेमध्ये मी अठ्ठ्याहत्तराव्या नावावर असताना ती खिरीची वाटी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. आता आठ वर्षांची आहे. "यात ताशन-ओपांची ती बाई कुठे आहे?" तिनं जर्मनमध्ये विचारलं. मी पानं मागे उलटून ओळ दाखवली. तिनं बोट ठेवलं. "हे काय?" र. "आणि ही काठी?" आ. मग तिचं तीच पुढे सरकली, एकेका अक्षराला मला विचारत, अडखळत. शेवटी एका दमात, मोठ्यानं म्हणाली, "रायसा!"

माझ्या लेकीनं वाचलेला पहिला मराठी शब्द तो.